मला ठेका दिसला नाही

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांस पत्र पाठवून शाळेतील आमच्या अठ्ठावीस वर्षांच्या सेवेच्या आठवणी लिहून मागितल्या. आठवणी पुष्कळ आहेत. दहावीच्या निकालाची चढती कमान, स्पर्धा परीक्षांत यश मिळवलेले विद्यार्थी, ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या वाटेवर आपल्या मुलांनी केलेले पाणीवाटप, यांविषयी आमचे सहकारी याच अंकात लिहितील आणि आमच्यापेक्षा चांगले लिहितील. आम्ही पडलो इतिहासाचे शिक्षक. जिंकलेल्या लढायांच्या नोंदी सगळेच ठेवतात. हरलेल्या लढाईचे कागद जपणे हे इतिहासाच्या माणसाचे काम, असे आम्ही वर्गात सांगत आलो. म्हणून येथे एका नापास निकालाची हकिकत लिहीत आहोत. तो निकाल कथक नृत्याच्या परीक्षेचा होता आणि नापास झालेली आपली विद्यार्थिनी जन्मतः कर्णबधिर होती. ही हकिकत छापण्यास तिने संमती दिली; नाव मात्र नको म्हणाली. तिची इच्छा आम्ही पाळत आहोत.

ती पाचवीत आपल्या वसतिगृहात आली. आई-वडील ऊसतोडणीला जाणारे. वर्षातले सहा महिने घराला कुलूप. थोरला भाऊ आधीपासून आपल्याकडे शिकत होता, म्हणून हिलाही येथेच ठेवा असा आईचा आग्रह. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तिची श्रवणतपासणी झाली, श्रवणयंत्रही मिळाले; पण त्यातून शब्द कळत नसत, नुसता गोंगाट पोहोचे. ती ओठ वाचायची, खुणांनी बोलायची आणि जे उरे ते वहीच्या मागच्या पानावर लिहायची.

नृत्याचा वर्ग शनिवार-रविवारी सभागृहात भरे. नृत्याच्या बाई दादरहून येत. सभागृहाची फरशी घुंगरांचा आवाज खाऊन टाकते, म्हणून बाईंनी वसतिगृहातील मोडक्या खाटांच्या फळ्या मागून घेतल्या आणि सुताराकडून वीतभर उंचीचा, आतून पोकळ असा चौथरा करून घेतला. घुंगरे नीट ऐकू यावीत, एवढाच त्यामागे हेतू. एके रविवारी ही मुलगी त्या चौथऱ्याच्या कडेला तळहात टेकून बसलेली बाईंना दिसली. बाकीच्या मुली तत्कार करीत होत्या आणि हिची मान बरोबर समेवर हलत होती. बाईंनी तबलजींना तबला-डग्गा चौथऱ्यावरच ठेवायला सांगितले आणि तिला वर उभे केले. डग्ग्याचा घुमारा लाकडातून तिच्या टाचांत चढला. तीनतालाच्या सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी आणि नवव्या मात्रेवर खाली, हे गणित त्या दिवसापासून तिने पायांनी सोडवायला घेतले. टाळी ती डोळ्यांनी पाही; मधल्या मात्रा तळपायांनी मोजी. दोन वर्षांत ठाय, दुगुन, चौगुन तिच्या पायांत बसले.

आपल्या शाळेत नृत्याचा वर्ग सुरू करण्यालाच एके काळी विरोध झाला होता, हे जुन्या पालकांस स्मरत असेल. काहींनी अष्टशीलाचा दाखला दिला. नृत्य, गीत, वादन यांपासून अलिप्त राहण्याचे शील त्यात आहेच. त्याला उत्तर सोपे होते. अष्टशील उपोसथाच्या दिवसाचे. गृहस्थाच्या नित्याच्या पंचशीलात ते नाही. दुसरा आक्षेप मात्र इतिहासातून आलेला होता आणि तो हलका नव्हता. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये, म्हणजे आपल्या वडाळ्यापासून हाकेच्या अंतरावर, बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी आणि देवदासी यांच्या सभेपुढे भाषण केले होते आणि ते जिणे सोडून देण्याचे आवाहन केले होते. ज्या समाजातील स्त्रियांना नाचावे लागले, त्या समाजाच्या शाळेत मुलींच्या पायांत पुन्हा घुंगरू बांधायचे का, असा प्रश्न एका वृद्ध पालकांनी उभे राहून विचारला, तेव्हा सभा निःशब्द झाली. पुढे त्यांनीच बोलता बोलता वाट काढली. वाईट नाच नव्हता, सक्ती होती, असे ते म्हणाले. बाबासाहेब स्वतः व्हायोलिन शिकले होते. आंबेडकरी जलशांनी गाण्यातूनच चळवळ गावोगाव नेली होती. शेवटी ठरले की नृत्य शिकवायचे, पण अभ्यासक्रमानुसार आणि परीक्षेसह. परीक्षा ही अट पालकांची होती. जिच्या हाती प्रमाणपत्र आहे तिला कोणी हलक्या शब्दाने हाक मारू शकणार नाही, अशी त्यामागची भावना.

वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शास्त्रीय नृत्याची परीक्षा काही घरांत हौसेचा भाग असेल. आपल्याकडे ती प्रतिष्ठेचे दार आहे. शिवाय अशा परीक्षांसाठी दहावीला सवलतीचे वाढीव गुण मिळतात आणि अकरावीच्या प्रवेशात एकेका गुणाने महाविद्यालय बदलते. हे दार बंद झाले तर केवळ एक छंद बुडत नाही.

ती नववीत असताना बाईंनी तिचा अर्ज भरला. परीक्षा केंद्र मध्य मुंबईतील एका शाळेत होते. आम्ही सोबत गेलो होतो. खोलीत चकचकीत टाइल्स होत्या. तबलजींना आत परवानगी नव्हती. सर्व परीक्षार्थींना सारखी साथ मिळावी म्हणून लेहरा आणि ठेका मोबाइलमधून एका छोट्या स्पीकरवर वाजवला जात होता. नियम सर्वांना सारखा होता आणि त्या सारखेपणातच सगळी अडचण होती. टाइल्समधून काही चढत नव्हते. समोर टाळी धरणारे कोणी नव्हते. परीक्षक प्रश्न विचारताना खाली मान घालून गुणपत्रक भरीत होते, त्यामुळे त्यांचे ओठ दिसत नव्हते. पढंत करायला सांगितले, म्हणजे हाताने ताल धरून बोल म्हणून दाखवायचे. तिच्या गळ्यातून जे उमटले ते ऐकून परीक्षकांनी हातानेच पुरे अशी खूण केली. तिने आपल्या मनातल्या लयीत तत्कार केला. स्पीकरमधली लय दुसरीच होती. बारा-पंधरा मिनिटांत ती बाहेर आली. रडली नाही. प्रवेशपत्राच्या पाठीमागे तिने लिहिले, "सर, मला ठेका दिसला नाही."

ऐकू आला नाही असे तिने लिहिले नव्हते. ऐकू येत नाही हे तिला जन्मापासून ठाऊक होते आणि त्याची तक्रार तिने कधीच केली नव्हती. ठेका तिच्यापर्यंत पोहोचवण्याची दुसरी वाट होती, ती त्या खोलीत नव्हती. एवढेच तिचे म्हणणे होते. पुढे निकाल आला. प्रात्यक्षिकात अनुत्तीर्ण.

रागाच्या भरात आम्ही परीक्षकांना बोल लावला. पण राग ओसरल्यावर एक लाजिरवाणी गोष्ट ध्यानात आली. वर्गात मराठ्यांच्या इतिहासाची टिपणे सांगताना आम्ही स्वतः फळ्याकडे तोंड करून बोलत असू. पाच वर्षे ती पहिल्या बाकावर बसून आमची पाठ पाहत होती. तिचे इतिहासाचे गुण कमी येत, तेव्हा आम्ही प्रगतिपुस्तकावर 'अधिक लक्ष द्यावे' असा शेरा मारीत होतो. परीक्षकांनी पंधरा मिनिटे जे केले ते आम्ही पाच वर्षे केले होते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही वर्गाकडे तोंड करून बोलू लागलो. खडूने लिहिताना गप्प राहायचे आणि लिहून झाल्यावर वळून बोलायचे, एवढी साधी सवय लावायला आम्हांस एक सत्र लागले.

मग पत्रव्यवहार सुरू केला. कलेच्या परीक्षा घेणाऱ्या संस्था देशात अनेक आहेत. येथे कोणा एकीवर ठपका ठेवण्याचा हेतू नाही, म्हणून नाव देत नाही. पहिल्या पत्राला उत्तर आले नाही. दुसऱ्या पत्रानंतर भेट मिळाली. भेटलेले गृहस्थ सज्जन होते. त्यांनी चहा दिला आणि आपुलकीने सुचवले, "तिला चित्रकलेच्या परीक्षेला बसवा ना. तिथे ऐकण्याचा प्रश्नच येत नाही."

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे वाक्य ओळखीचे वाटल्यावाचून राहत नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. फारसी ही काही हलकी भाषा नव्हे. पण विद्यार्थ्याला जे हवे ते बंद ठेवून दुसरे पुढे केले की त्याला पर्याय म्हणता येत नाही. बाबासाहेबांपुढचे दार जातीने, जाणूनबुजून बंद केले होते. आमच्या विद्यार्थिनीपुढचे दार कोणी बंद केले नव्हते, ते तिच्या मापाचे केलेलेच नव्हते. हेतूंत फरक आहे आणि तो आम्ही पुसत नाही. बाहेर उभे राहणाऱ्याच्या वाट्याला मात्र दोन्हीकडे उंबराच येतो.

त्या दिवसांत भेटणारा प्रत्येक जण आम्हांस सुधा चंद्रन यांचे उदाहरण देई. मुंबईच्या या भरतनाट्यम नर्तिकेने १९८१ च्या अपघातात पाय गमावला आणि जयपूर फूट लावून १९८४ मध्ये त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांच्याविषयी आम्हांस अपार आदर आहे. पण या उदाहरणाचा उपयोग लोक विचित्र करतात. त्यांनी केले, मग हिला का जमू नये, असा त्याचा सूर असतो. असामान्य व्यक्तीने अडथळा ओलांडला, म्हणून अडथळा योग्य ठरत नाही. बाबासाहेब गोणपाटावर बसून शिकले. म्हणून वर्गात गोणपाट असावे असे आपण म्हणत नाही. आपण गोणपाट उचलले आणि बाक दिला.

आम्हांस अधिक उपयोगी पडले ते एव्हलिन ग्लेनी यांचे उदाहरण. स्कॉटलंडच्या या तालवादक बालपणीच जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या. आधीची लय पायांतून, हातांतून जाणवावी म्हणून त्या अनवाणी वाजवतात. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकने आरंभी त्यांना प्रवेश नाकारला होता. त्यांनी वाद घातला. बहिऱ्या वादकाचे पुढे काय होईल हा प्रश्न बाजूला ठेवा, मी आज वाजवते ते तपासा, असा त्या वादाचा आशय. अकॅडमीने पुन्हा परीक्षा घेतली आणि प्रवेश दिला. आमच्या मुलीच्या टाचा आणि ग्लेनींचे अनवाणी पाय यांत आम्हांस एकच शास्त्र दिसले.

आणि आपल्या घरचेच उदाहरण विसरून कसे चालेल? संगीताच्या शिक्षणाला पाठ्यक्रम, इयत्ता व परीक्षा यांची शिस्त ज्यांनी लावली, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांची दृष्टी लहानपणी फटाका तोंडाजवळ उडाल्याने अधू झाली होती. उपचारासाठी कुरुंदवाडहून मिरजेला आले आणि तेथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य झाले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. ज्या शिस्तीतून आजच्या परीक्षा उभ्या राहिल्या, तिचा मूळपुरुष अधू दृष्टीचा होता. तरीही दिव्यांग मूल परीक्षेच्या दारात आले की आपण चकित होतो.

वडाळ्यात राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. येथील कुष्ठरोग रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे, ते मुंबईचे महापालिका आयुक्त ॲकवर्थ मराठी पोवाड्यांचे संग्राहकही होते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. एकाच माणसाने कुष्ठरुग्णांसाठी निवारा उभारला आणि शाहिरी कलाही जपली. रुग्णालयाच्या भिंतीवरून जाताना आमच्या मनात येते की समाज या दोन कामांची खाती अजूनही वेगळी ठेवतो. अधू शरीराला औषध, धडधाकट शरीराला कला, अशी वाटणी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगतेचे एकवीस प्रकार आहेत आणि कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तीही त्यात येतात. ज्यांची बोटे आखडली आहेत, त्यांच्या हस्तमुद्रा कशा तपासायच्या, हा प्रश्न वडाळ्याला परका नाही.

तो अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. कलम १७ मध्ये दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रमात व परीक्षापद्धतीत योग्य बदल करावेत असे म्हटले असून वाढीव वेळ आणि लेखनिक ही उदाहरणे दिली आहेत. त्याआधी २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार मान्य केला होता. त्याच्या ३० व्या कलमात आपली कलाशक्ती वाढवण्याची संधी दिव्यांग व्यक्तींना मिळावी, ती त्यांच्या हिताबरोबर समाजाच्या समृद्धीसाठीही, असे तत्त्व आहे. ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाजवी सोयीसुविधा हा समानतेचाच भाग मानला आणि चाळीस टक्क्यांच्या आतील दिव्यांगता असलेल्या परीक्षार्थीलाही लेखनिकाचा हक्क दिला. कलम १७ शासन व स्थानिक प्राधिकरणांना उद्देशून आहे, आम्ही खासगी संस्था, असे कोणी म्हणू शकेल. पण ज्या प्रमाणपत्रावर दहावीचे गुण वाढतात, त्याची परीक्षा खासगी बाब कशी राहील?

तिसऱ्या पत्राबरोबर आम्ही ही कलमे जोडली. याचा परिणाम झाला की तिच्या प्रवेशपत्रामागील त्या ओळीच्या प्रतीचा, हे सांगता येत नाही. पण एक ज्येष्ठ परीक्षक एका रविवारी वर्ग पाहायला आले. ते चौथऱ्याजवळ बराच वेळ उभे राहिले, मग स्वतः बूट काढून वर चढले. खाली उतरल्यावर त्यांनी बाईंना विचारले, "मी नेमके काय तपासायचे, ते मला सांगा."

इतक्या महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. लेखी परीक्षेत अडचण सोपी असते. आंधळ्या विद्यार्थ्याच्या वतीने लेखनिक लिहितो, कारण आपल्याला इतिहासाचे ज्ञान तपासायचे असते, हस्ताक्षर नव्हे. नृत्यात शरीर हीच उत्तरपत्रिका. दुसरा कोणी तिच्या वतीने नाचू शकत नाही. म्हणून आम्ही तिघे अभ्यासक्रम पुढे घेऊन बसलो आणि प्रत्येक घटकासमोर तो कशासाठी आहे हे लिहीत गेलो. पढंत कशासाठी? बोल आणि मात्रा यांचे नाते पक्के आहे का, हे पाहण्यासाठी. मग तिने हाताने ताल धरावा, ओठांनी बोल म्हणावेत आणि तेच बोल मात्रांच्या खणांत फळ्यावर लिहून दाखवावेत. आवाज स्पष्ट असण्याची गरज उरत नाही. तत्कार कशासाठी? लय टिकते का, पदाघात स्वच्छ आहे का, हे पाहण्यासाठी. मग चौथरा केंद्रावर न्यावा, तबला त्यावर ठेवून प्रत्यक्ष वाजवावा आणि समोर एकाने टाळी-खाली दाखवावी. लय परीक्षकांनी तबलजींना ऐनवेळी सांगावी, म्हणजे पाठ केलेली लय चालणार नाही. शास्त्राचे तोंडी प्रश्न कार्डांवर लिहून द्यावेत. समेचे, दुगुनीचे, हस्तकांचे गुण मात्र सर्वांना जसे द्यायचे तसेच. त्यांत काडीचीही सूट नको. हे शेवटचे वाक्य तिने स्वतः वहीत लिहून आमच्यापुढे सरकवले होते.

त्या रात्री आम्हांस चूळपन्थकाची कथा आठवली. धम्मपदाच्या अट्ठकथेत ती येते. चूळपन्थकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. त्याचा वडीलभाऊ महापन्थक, स्वतः विद्वान भिक्खू, त्याने त्याला विहार सोडून जायला सांगितले. तथागतांनी त्याला दारातच थांबवले. हातात स्वच्छ वस्त्राचा तुकडा दिला आणि एकच शब्द उच्चारीत तो चोळत बसायला सांगितले. मळत जाणाऱ्या त्या वस्त्रातून त्याला अनित्यता उमगली आणि तो अर्हत झाला. पुढे जीवकाच्या घरी भोजनानंतर अनुमोदनाचे प्रवचन तथागतांनी त्यालाच करायला सांगितले. आम्ही ही कथा अनेकदा सांगितली होती. तिच्यात परीक्षा दडलेली आहे हे त्या रात्री कळले. महापन्थकाच्या मते गाथा पाठ होणे हीच कसोटी होती. तथागतांनी कसोटी बोधाची मानली. वाट बदलली, मुक्काम तोच ठेवला. आणि दया दाखवून त्याला मागे बसवले नाही. सगळ्यांसमोर बोलायला लावले.

पुढच्या सत्रात तिने पुन्हा परीक्षा दिली. टेम्पोतून चौथरा केंद्रावर नेला, तेव्हा वसतिगृहाची सहा मुले तो धरून बसली होती. पढंत झाली, तत्कार झाला, कार्डांवरच्या प्रश्नांना तिने कार्डांवर उत्तरे दिली. निकाल आला तो द्वितीय श्रेणीचा. काही पालकांना वाटले होते की इतक्या खटपटीनंतर प्रथम श्रेणी तरी मिळेल. पण परीक्षा संपल्यावर परीक्षकांनी एका कोऱ्या कार्डावर दोन ओळी लिहून तिला दिल्या होत्या: "चक्रदाराच्या तिसऱ्या पल्ल्याला घाई झाली, सम अर्धी मात्रा आधी आली. श्वास सांभाळ."

ते कार्ड तिने जपून ठेवले आहे. आजवर तिच्या कानांतला दोष अनेकांनी सांगितला होता. तिच्या नाचातला दोष दाखवणारे हे पहिलेच परीक्षक. तिचे गुण कापले गेले, ते इतर कोणत्याही मुलीचे कापले गेले असते त्याच कारणासाठी. समानता म्हणजे काय, हे आम्ही वर्षानुवर्षे राज्यघटनेच्या धड्यात शिकवले. तिचा इतका नेमका पुरावा आमच्या हाती क्वचितच आला.

ही हकिकत येथे संपवली तर ती गोड होईल, पण अपुरी राहील. सध्या आठवीत एक विद्यार्थी चाकांच्या खुर्चीवरून कथक शिकतो. त्याची पढंत उत्तम आहे, अभिनय डोळ्यांत भरतो आणि हस्तक रेखीव. तत्कार तो मनगटांना घुंगरू बांधून, मांडीवर फळी ठेवून तळहातांनी करतो. बाईंच्या मनात अजून शंका आहे. तत्कार म्हणजे पायच, असे त्यांच्या गुरूंनी त्यांना शिकवले. त्या शंकेचा आम्ही आदर करतो. परंपरेवर ज्यांचे प्रेम आहे त्यांनाच असे प्रश्न पडतात. आमचे मत इतकेच, की लय, मात्रा व आघाताची स्वच्छता तळहातांत दिसत असेल तर तिचे मोल व्हावे; कोणता घटक कसा सादर होणार हे शिक्षकांनी आधी लिहून द्यावे आणि ते पुरेसे आहे की नाही हे परीक्षकांनी आधी सांगावे. प्रमाणपत्रावर मात्र वेगळा शेरा असू नये. शाळेच्या दाखल्यावरील एका शब्दाने काय होते, हे आपल्या पिढ्यांना दुसऱ्या कोणी समजावून सांगायला नको. तूर्त त्याचा प्रश्न याहून सोपा आणि म्हणूनच अधिक संतापजनक आहे. परीक्षेची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही.

पालकांना अनुभवाचे चार शब्द सांगतो. दिव्यांगतेचे ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, वेळेत काढून घ्यावे. परीक्षेचा अर्ज भरतानाच सोयींची मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. मागणीत आजाराचे वर्णन थोडके, गरजेचे वर्णन नेमके असावे: लाकडी चौथरा हवा, तळमजला हवा, प्रश्न लेखी हवेत, अर्धा तास अधिक हवा. केंद्र आदल्या दिवशी मुलासह पाहून यावे. सोय नाकारली तर कारण लेखी मागावे. आणि मुलाला विचारल्यावाचून त्याच्या वतीने काही मागू नये. आपल्याला जे अवघड वाटते ते त्याला सोपे असते आणि आपल्या ध्यानीही न येणारी गोष्ट त्याची वाट अडवते.

माजी विद्यार्थ्यांना मात्र एक मागणे आहे. आपली शाळाच परीक्षा केंद्र व्हावी असा प्रस्ताव आम्ही दिला आहे. सभागृह तळमजल्यावर आहे, चौथरा आहे, तबलजी आहेत. पण दारात तीन पायऱ्या आहेत, उंची दीड फूट. अठ्ठावीस वर्षे आम्ही त्या चढलो आणि त्या पायऱ्या आहेत हे आमच्या ध्यानात आले नाही; खुर्ची दारात थांबली तेव्हा आले. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो, म्हणजे अठरा फूट. तुमच्यातील जे अभियंते झाले, ठेकेदार झाले, गवंडीकाम करतात, त्यांनी एक रविवार द्यावा. अठरा फुटांचा उतार आणि कठडा, इतकेच काम आहे. परीक्षेचे सत्र जवळ आले आहे आणि त्या विद्यार्थ्याचा अर्ज आम्ही भरला आहे.

जयभीम.